उतरलेलं कार्ड

४ मार्च, सोमवार

दादा,

मायना घालत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर खोटं वाटेल, आणि ‘तीर्थरूप’ लिहावं एवढा तू म्हातारा झालेला नाहीस. तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय आणि तो उघडायचा माझा विचार नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे, म्हणून कागद घेतला. पत्ता आत्याकडून घेतलाय. टाकीन की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

प्रश्न साधा आहे. ग्राफिक्स कार्ड आत्ता बदलू की थांबू?

हसू नकोस. कॉम्प्युटरचं काहीही निघालं की तू ठरवायचंस आणि मी मान डोलवायची, अशी आपल्या घरची रीत. माझ्या मशीनमध्ये आजवर जे जे बसलं, ते आधी तुझ्या मशीनमधून उतरलेलं. त्याच्या आधी तुझं दप्तर, तुझी सायकल, आणि तुझी पुस्तकं, त्यातल्या प्रत्येक चित्राला तू काढलेल्या मिशांसकट. नवीन मोठ्याला, उतरलेलं धाकटीला, हा बाबांचा कायदा. आता तुझ्याकडून काही उतरून माझ्यापर्यंत येईल अशी चिन्हं नाहीत. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःला दुकानात जावं लागणार आहे.

लक्षणं सांगते. आपला होडीचा गेम सुरू केला की थोड्या वेळाने पंखा कण्हायला लागतो. बाबा रिवाइंडिंगला आलेली मोटर फिरवून बघायचे आणि बेअरिंग गेलेलं असलं की ती जशी कण्हायची, तसा. मग समुद्र जांभळा होतो. परवा लाटांतून काळे त्रिकोण वर आले, तंबूएवढे, आणि तसेच उभे राहिले. मी बघत बसले. वाईट वगैरे वाटलं नाही. बाबा गेल्यापासून वाटतच नाही काही. दात काढल्यावर भूल उतरेपर्यंत आपण आपलाच गाल दाबून बघतो आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं चाललंय. कामावर जाते, जेवते, कपडे वाळत घालते. काळजी करू नकोस. करत असशील तर.

त्यात गेमवाल्यांनी जाहीर केलंय की महिनाअखेरीला नवीन अपडेट येणार. जुना गेम बंद. नवीन गेम चालायला किमान कोणतं कार्ड लागेल त्याची यादी लावली आहे. त्याखालच्या कार्डांवर तो उघडणारच नाही. माझं कार्ड त्या यादीत सगळ्यांत शेवटचं आहे, म्हणजे काठावर पास. पण त्याची ही तब्येत.

तू म्हणशील, एवढं काय अडलंय? होडीला दोघं लागतात, एक सुकाणूवर आणि एक शिडाशी. मी एकटी नुसती धक्क्यावर बसून असते. खरं आहे. पण कधी कधी तुझ्या नावापुढचा ठिपका हिरवा होतो. तू आलेला असतोस. मला दिसतं, आणि तुलाही माझा ठिपका दिसत असणार. दोघंही काही लिहीत नाही. थोड्या वेळाने तू जातोस, मग मी मशीन बंद करून भांडी घासायला उठते. त्या भांडणानंतर आपल्या दोघांत एवढंच उरलंय आणि तेही या कार्डावर चालतं.

म्हणून विचारलं.

धाकटी


९ मार्च, शनिवार

दादा,

आधीचं पत्र टाकलं नाही. टेबलाच्या खणात आहे. हेही तिथेच जाईल बहुतेक, तरी लिहिते, कारण सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नसतं आणि आत्या आली की तीच बोलते.

आज दुकानात गेले. तुझा तोच दुकानदार, ज्याला सगळे पैलवान म्हणतात आणि जो फुंकर मारली तर उडेल. त्याने मला ओळखलं. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे. मग मी कार्डाचं विचारलं तर तो म्हणाला, थांबा. दोन महिन्यांत नवी मालिका येतेय, ती आली की आत्ताच्या कार्डांचे भाव उतरतील. आत्ता घेतलंत तर दोन महिन्यांनी मला शिव्या द्याल. तिथे एक दाढीवाला गिऱ्हाईक कीबोर्ड दाबून बघत उभा होता, त्याला राहवलं नाही. थांबला तो संपला, म्हणाला. दोन महिन्यांनी नवं येईल, तेव्हा कुणीतरी सांगेल की आणखी सहा महिन्यांनी त्याहून भारी येतंय. असं थांबायचं तर माणसाने जेवूही नये, उद्या ताजं मिळणारच आहे. मग ते दोघं माझ्या डोक्यावरून वाद घालत बसले. मी किमतीची चिठ्ठी बघितली. माझ्या अख्ख्या मशीनपेक्षा ते कार्ड महाग आहे. नाकापेक्षा मोती जड.

पैलवान म्हणाला, बोला ताई, काय करायचं? मी म्हटलं, मला दोन्ही सारखंच वाटतंय.

हे वाक्य माझ्याच गिऱ्हाइकांचं आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी लोकांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवते, एकेक भिंग घालते आणि विचारते, हे स्पष्ट की हे? लोक घाबरतात, परीक्षा असल्यासारखे. परवा एक बस चालवणारे काका होते. बराच वेळ त्यांना दोन्ही सारखंच दिसत होतं. शेवटी वैतागून म्हणाले, ‘ताई, तुम्हीच सांगा ना कुठलं बरं आहे ते. डोळे माझे असले म्हणून काय झालं?’ मी हसले. म्हणजे हसायची जागा होती म्हणून हसले.

दुकानातून हात हलवत परत आले. आत्या येऊन बसली होती. तिने सांगितलं, तू फोनवर तिला विचारलंस म्हणे, धाकटीचं कॉम्प्युटर चालतंय का? मी म्हटलं, चालतंय म्हणून सांग. आत्या म्हणाली, तुम्ही दोघांनी मला पोस्टमन ठेवलंय, पण पगार कुणी देत नाही. तुझ्या त्या विचारण्याचा मला राग आला. बाबांचं नाही, माझं नाही, कॉम्प्युटरचं विचारतोस.

हे कार्ड कसं आलं ते आठवतंय ना? तू नोकरीसाठी तिकडे जायला निघाला होतास. बाबांची एक बाजू तेव्हा नुकतीच लुळी पडली होती आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझं जुनं कार्ड नेमकं त्याच आठवड्यात जळालं. मी तुला आधीच बजावलं होतं, जाताना मला काही घेऊन देऊ नकोस, लाच दिल्यासारखं वाटेल. तू म्हणालास, लाच कसली, माझं उतरलेलं देतोय, दोन वर्षं वापरलेलं. मी तिकडे गेल्यावर नवीन घेणार आहे. मग टेबलाखाली पोटावर पडून, तोंडात बॅटरी धरून तू ते बसवलंस. बाबा चांगल्या हाताच्या तळव्यावर स्क्रू धरून बसले होते आणि तुला सूचना करत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण सूचना केल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

नंतर संध्याकाळी आपण खेळायला बसलो की बाबांची खुर्ची मी शेजारी ओढून घ्यायची. त्यांना समुद्र आवडायचा. ‘तो आला का?’ असं विचारत राहायचे. तू कायम उशिरा उगवायचास. मी धक्क्यावर उभी, होडी सोडायला तयार, आणि तू नेटला शिव्या देत येतोयस. वरातीमागून घोडं, बाबा म्हणायचे. एकदा गेममध्ये वारा पडला होता, पाणी एकदम स्थिर होतं. मी तुला माइकवर म्हटलं, दादा, पाण्यात बघ, अख्खं आकाश आहे खाली. तू म्हणालास, ‘हो. मस्त.’ इतक्या कोरड्या आवाजात की मला आपण उगाच बोललो असं झालं. बाबा म्हणाले, त्याला कामाचा ताण असेल. ते कायम तुझीच बाजू घ्यायचे. आजारी माणसाला लांबचं माणूस जास्त चांगलं दिसतं.

मग बाबा गेले आणि तू सगळं आटोपल्यावर आलास. रजा मिळाली नाही, मान्य. दोन दिवस राहिलास. त्याच खोलीत उभा राहून म्हणालास, घर विकू, तू माझ्याकडे चल. मी काय बोलले ते पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर कुणी बदलायला नको. मी म्हटलं, ‘तुला सगळं नवं मिळालं, दादा. मला तुझं उतरलेलं. शेवटी बाबासुद्धा मला उतरलेलेच मिळाले.’

तू टेबलाखाली बघत राहिलास. मला वाटलं, लाज वाटतेय. बरं वाटलं मला तेव्हा.

कार्डाचं अजून ठरत नाही.

धाकटी


५ एप्रिल, शुक्रवार

दादा,

अपडेट आलं. थोडक्यात निभावलं. सगळ्या सेटिंग तळाला नेऊन ठेवल्या तेव्हा कुठे गेम उघडला. समुद्र सिमेंटचा कोबा केल्यासारखा दिसतो, पंखा कण्हतो, पण उघडला.

तुझा ठिपका करडा आहे.

पहिल्या दिवशी वाटलं, तुझं डाउनलोड चालू असेल, तुझं नेट प्रसिद्धच आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, काम असेल. आता आठवडा होत आला. मी रोज कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी मशीन लावते, धक्क्यावर जाऊन बसते आणि करड्या ठिपक्याकडे बघते. मग उठते.

तर तू ठरवलंस. बरं झालं. येऊन नुसतं गप्प बसायचा तुलाही कंटाळा आला असणार, आणि अपडेट हे निमित्त चांगलं आहे, कुणाला काही सांगावं लागत नाही. मी तुझा नंबर बंद केला तेव्हा निदान दार आपटल्याचा आवाज तरी झाला होता. तू दार नुसतं लोटून घेतलंस.

मला वाटलं होतं, असं झालं तर मला खूप काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त बुधवारी कामावर एक घोटाळा केला. एका बाईंच्या चष्म्यात डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवलं आणि उजव्याचं डावीकडे. त्या चष्मा घालून दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि परत चढून आल्या. म्हणाल्या, जमीन तिरकी झालीय. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. दुकानाच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. दार लावून घेऊन मला म्हणाल्या, ‘तू आज लवकर घरी जा. आणि घरी जाऊन काही करू नकोस.’ मी म्हटलं, तेच तर करते रोज.

एक आहे, तुझा प्रश्न सुटला तसा माझाही सुटला. धक्क्यावर एकटीने बसायला नवीन कार्ड कशाला हवंय? घ्यायचंही नाही आणि थांबायचंही नाही. पुढच्या आठवड्यात मशीन पैलवानाकडे नेते आणि आहे त्या भावात देऊन टाकते. टेबलावर जागा होईल. काय ठेवायचं तिथे ते सुचत नाही.

आत्याला काही बोलले नाही. ती म्हणेल, फोन कर. तिच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे.

धाकटी


१३ एप्रिल, शनिवार

दादा,

तू मूर्ख आहेस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

मशीन घेऊन पैलवानाकडे गेले. म्हटलं, विकायचंय. तो म्हणाला, भाव नंतर करू, आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. त्याने बाजूचा पत्रा उघडला. आत इतकी धूळ होती की तिने उशी भरता आली असती. तू बसवल्यापासून तो पत्रा कुणी उघडलाच नव्हता. मी कशाला उघडीन? तू बसवलंयस म्हटल्यावर ते बसलेलं असणार. त्याने कार्ड बाहेर काढलं, ब्रशने झाडलं, आणि थांबला. नखाने पाठीचा कोपरा खरवडला. मग मला बोलावलं.

‘ताई, याची फिल्म कुणी काढलीच नाही.’

मी बघितलं. कार्डाच्या वरच्या काळ्या पत्र्यावर ती पातळ पारदर्शक फिल्म होती, नव्या वस्तूंवर येते ती. कडेला ओढायचं छोटं निळं शेपूट, तेसुद्धा शाबूत. धुळीखाली इतकी वर्षं.

मी म्हटलं, शक्य नाही. दादाने दोन वर्षं वापरून मग मला दिलंय. पैलवान म्हणाला, ‘तुमचे दादा दोन वर्षं फिल्म ठेवतील?’

त्याला माहीत होतं, तू त्याच्या दुकानातल्या विकायला ठेवलेल्या मॉनिटरचीसुद्धा फिल्म ओढली होतीस. मला तर सगळंच माहीत आहे. नवा रिमोट, आत्याचा ओव्हन, शेजाऱ्यांचा वजनकाटा. तू पाहुणा म्हणून कुठे गेलास तरी तुझी बोटं कोपरे शोधत असायची. घरात नवा फ्रीज आला तेव्हा तू एका बाजूने ओढत होतास आणि मी दुसऱ्या, आणि मी तुला चावले. मग बाबांनी कायदा केला, ज्याची वस्तू त्यानेच फिल्म काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्यानंतर तू घरात माझ्या कुठल्याच गोष्टीची फिल्म काढली नाहीस. कायदा म्हणजे कायदा.

पैलवानाने आणखी दाखवलं. स्क्रूंवर पेचकसाचा एकच ओरखडा होता, तुझ्या त्या दिवसाचा. वाट बघावी तसं तो माझ्याकडे बघत होता. मला कळायला वेळ लागला. तू नवीन घेतलंस आणि मला दिलंस. लाच नको म्हटलं होतं ना मी. म्हणून ते उतरलेलं झालं.

मी विचारलं, मग त्याच्याकडे काय आहे? पैलवान म्हणाला, त्याच्या आधीच्या पिढीचं, माझ्याकडूनच नेलं होतं. तिकडे जाऊन नवीन घेतलं नसेल तर तेच असणार. तिकडे जाऊन तू काय घेतलंस ते मला माहीत आहे. बाबांची औषधं तिकडून यायची, फिजिओवाली बाई तुझ्या पगारातून यायची. मी ते तुझं कर्तव्य म्हणून मोजत होते आणि कार्ड तुझी चैन म्हणून.

‘त्या कार्डावर नवीन अपडेट उघडेल?’ मी विचारलं.

‘नाही हो. यादीतच नाही ते.’

म्हणून ठिपका करडा. तू गेला नाहीस. तू बाहेर उभा आहेस आणि दार उघडत नाहीये.

अजून एक विचारायचं होतं, ते विचारायला मला खुर्चीवर बसावं लागलं. मी म्हटलं, जुन्या गेममध्ये, त्या कार्डावर, पाणी स्थिर असताना पाण्यात आकाश दिसायचं का? पैलवानाने क्षणभर विचार केला. म्हणाला, नाही. त्याच्यावर पाणी नुसतं सपाट निळं. प्रतिबिंब वगैरे काही नाही.

‘हो. मस्त.’ असं म्हणाला होतास तू.

दादा, मी त्या दुकानात रडले. बाबांना नेलं तेव्हा नाही, तू गेलास तेव्हा नाही, आणि तिथे, खोक्यांच्या मध्ये, दाढीवाला गिऱ्हाईक पुन्हा आलेला असताना. भूल उतरते तेव्हा आधी काय दुखतं कळतच नाही, एकदम सगळंच दुखतं. मला बाबा हवे होते. मला ‘तो आला का’ ऐकायचं होतं. तुला फटकवायचंही होतं. पैलवान बिचारा गोंधळला, त्याने धूळ उडवायचा ब्लोअर चुकून माझ्याकडे तोंड करून चालू केला. दाढीवाल्याने मला रुमाल दिला, कीबोर्ड पुसायचा.

इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस. ते एक वेळ समजू शकते. पण मी त्या दिवशी तुझ्या तोंडावर म्हटलं, मला तुझं उतरलेलं मिळालं, आणि तू टेबलाखाली बघत राहिलास. एक वाक्य बोलायचं होतं. वाकून पत्रा उघडला असतास तरी चाललं असतं. तू मला वाईट ठरू दिलं नाहीस आणि स्वतः ठरलास. असं मोठेपण मला नको होतं. आणि हेही लिहून ठेवते, तू बाबांसाठी उशिरा आलास ते आलासच. त्याला फिल्मबिल्म काही नाही.

पैलवानाने पंखा बदलला, चिप थंड ठेवणारं आतलं सुकलेलं मलम काढून नवीन लावलं. कार्ड ठणठणीत आहे. समुद्र निळा झाला. म्हणाला, आता ताई दोन वर्षं बघायला नको, नवीन घ्यायची काही गरज नाही. मशीन विकायचंय का अजून?

मी घरी घेऊन आले.

धाकटी


२० एप्रिल, शनिवार

दादा,

कार्ड घेतलं.

पैलवान शेवटपर्यंत सांगत होता, दोन महिने थांबा, पस्तावाल. मी म्हटलं, मला थांबायला काहीच हरकत नाही, माझं ठणठणीत आहे. तेव्हा त्याला कळलं, आणि मग तो एकदम हुशार झाला. तुझ्या मशीनला वीज किती झेपते ते त्याला आठवत होतं, त्या हिशेबाने त्यानेच निवडून दिलं. दाढीवाला म्हणाला, शेवटी माझं ऐकलंत. मी त्याला तसं समजू दिलं.

काल संध्याकाळी तू दिलेल्या माझ्या कार्डाची फिल्म काढली. हात धुतले, बाबांची खुर्ची शेजारी ओढून घेतली आणि निळं शेपूट धरून ओढलं. तू ओढायचास तशी सावकाश, न तुटता, एका दमात. आवाज अगदी तसाच येतो. खालचा पत्रा इतका नवा होता की त्यात माझं नाक दिसलं. मग कार्ड परत बसवलं, तोंडात बॅटरी धरून. सूचना करायला कुणी नव्हतं, त्यामुळे एक स्क्रू हरवला.

सोमवारी कामावर त्या बाई आल्या होत्या, नीट बसवलेला चष्मा न्यायला. पायऱ्या उतरल्या, वळून मला हात केला आणि गेल्या. माझ्या दिवसभर डोक्यात होतं की त्यांना जमीन सरळ दिसतेय.

कार्डाच्या खोक्यात आधीची सगळी पत्रं घातली आहेत. क्रमाने वाच. मधली दोन वाचून चिडशील, चीड. घराचं बोलायचंय, मला ते विकायचं नाही, आणि का नाही ते तुला ऐकावं लागेल. भांडू. नंबर अजून उघडलेला नाही. ती आत्याची पद्धत आहे, आपली नाही.

आता कार्डाबद्दल. हे माझं उतरलेलं आहे. खोटं बोलत नाही. पैलवानाच्या दुकानात ते माझ्या मशीनमध्ये चहा संपेपर्यंत बसवलं होतं आणि मग उतरवलं. तेव्हा लाच वगैरे समजू नकोस. वापरलेलं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. फिल्म तेवढी काढायची राहिली आहे, ती मी काढणार नाही. कायदा तुला माहीत आहे.

बसवलंस की धक्क्यावर ये. मी कामावरून आले की तिथेच असते. उशिरा आलास तर नेटला शिव्या देऊ नकोस, आता ते कारण चालायचं नाही. माफीबिफीही मागू नकोस, मीही मागणार नाही. आल्या आल्या काहीच बोलू नकोस.

आधी पाण्यात बघ.

धाकटी